जुन्नर प्रांतांतील फिर्यादीचा अधिकार व त्यावरील सरकारची नजर

१. गुन्ह्याची शिक्षा कोणीं दिली, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळ वेळां चर्चिला गेला आहे. रामशास्त्री प्रभुणे यांची निःस्पृहता, गोतसभेचे निवाडे, दिव्यें आणि महजर यांविषयीं बरेंच लिहिलें गेलें आहे, व तें योग्यच आहे. परंतु शिक्षेच्या अगोदरचा एक प्रश्न बहुधा तसाच मागें राहतो. अमुक इसमावर आरोप ठेवावयाचा कीं नाहीं, ठेवल्यास कोणत्या गुन्ह्याचा, आणि ठेवलेला आरोप पैसे घेऊन, भीड धरून अगर दया करून सोडून द्यावयाचा कीं नाहीं, हें कोण ठरवीत असे? निवाडा करणारा कितीहि निःस्पृह असला तरी त्याच्यापुढें येतें तेंच प्रकरण तो पाहूं शकतो. जें प्रकरण वाटेंतच मिटविलें जातें, किंवा जें नसतां उभें केलें जातें, त्याच्यावर न्यायाधीशाचें कांहींच चालत नाहीं. म्हणून फिर्याद चालविण्याचा अधिकार हा न्याय देण्याच्या अधिकाराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, जपून पाहण्यासारखा आहे.

प्रस्तुत लेखांत हा अधिकार जुन्नर व आंबेगांव या टापूंत कोणाकोणाच्या हातीं होता आणि त्यावर राज्याची नजर कशी असे, याचा विचार करावयाचा आहे. हा टापू या विचारास विशेष सोईचा आहे. पश्चिमेस नाणेघाट व सह्याद्रीचे डांग, मध्यें कुकडी, मीना व घोड या नद्यांचीं खोरीं, पूर्वेस ओतूर, नारायणगांव व मंचर यांसारख्या बाजारपेठा, अशी याची रचना आहे. घाटांतून माल जात असे, डोंगरांत महादेव कोळ्यांची वस्ती होती, पठारावर वतनदार पाटील-कुलकर्णी होते. अर्थात् चोरी, दरोडा, जकातीची बुडवणूक, वतनाचे तंटे, बदअमल असे सर्व तर्‍हेचे आरोप येथें उत्पन्न होत. आंबेगांव हें मूळ गांव डिंभें धरणाच्या जलाशयांत बुडालें; तालुक्याचें नांव मात्र राहिलें असून त्याची कचेरी घोडेगांवीं आहे.

२. स्थानिक अधिकार्‍याच्या मर्जीवर परक्या माणसाचें काय होतें, याचें एक फार जुनें उदाहरण जुन्नरचेंच आहे. रशियन व्यापारी अफनासी निकितिन हा इ. स. १४७० च्या सुमारास पावसाळ्यांत जुन्नरास राहिला होता. त्या वेळीं तेथें बहमनी सत्तेच्या वतीनें असदखान नांवाचा सरदार होता. निकितिन मुसलमान नसून रूस देशचा ख्रिस्ती आहे असें कळतांच असदखानानें त्याचा घोडा जप्त केला, आणि धर्म बदलशील तर घोडा व शिवाय सोन्याचीं एक हजार नाणीं देऊं, अन्यथा परिणाम भोगावे लागतील, असें सांगून त्यास चार दिवसांची मुदत दिली. सुदैवानें त्याच वेळीं खुरासानचा एक प्रतिष्ठित गृहस्थ तेथें आला; त्यानें खानाची भेट घेऊन रदबदली केली, निकितिनची सुटका झाली आणि घोडाहि परत मिळाला.

हा वृत्तान्त निकितिननें स्वतः लिहून ठेविला आहे. त्यांत लक्षांत घेण्यासारखें एवढेंच कीं, आरोप कोणता, फिर्यादी कोण, निवाडा कोण करणार, यांपैकीं एकाहि गोष्टीचा त्यांत पत्ता नाहीं. आरोप ठेवणारा, चौकशी करणारा आणि माल जप्त करणारा हे तिन्ही एकच. सुटका झाली ती वशिल्यानें.

असदखान ज्याच्या हाताखालीं होता तो मलिक-उत्-तुज्जार म्हणजे महमूद गवान. तरफदारांच्या हातीं सत्ता फार एकवटते हें या वजिरानें चांगलें ओळखलें होतें. त्यानें बहमनी राज्याच्या चार तरफांच्या आठ केल्या. त्या वेळीं दौलताबादेची तरफ विभागून जुन्नरची तरफ निराळी झाली. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर परभारें सुलतानाचे किल्लेदार नेमण्याचीहि व्यवस्था त्यानें केली. पण इ. स. १४८१ त गवानाचा वध झाला, आणि पुढें नऊच वर्षांनीं, इ. स. १४९० त, याच जुन्नरच्या मलिक अहमदानें स्वतंत्र होऊन निजामशाही स्थापन केली. तरफ लहान केली तरी तरफदाराच्या शेजारीं बसून त्याचें काम रोजचे रोज पाहणारा दुसरा माणूस नसेल तर वरची देखरेख एका वजिराच्या आयुष्यापुरतीच टिकते, हा बोध जुन्नरनें त्या वेळींच दिला.

३. मराठेशाहींत फिर्याद चालविणें हें एखाद्या स्वतंत्र अधिकार्‍याचें काम नव्हतें. आज ज्यास आपण सरकारी वकील म्हणतों त्याच्या जागीं त्या काळीं तीन निरनिराळे हात होते. पहिला हात ज्याचें नुकसान झालें त्याचा. खून झाल्यास मृताच्या आप्तांनीं, चोरी झाल्यास मालधन्यानें उभें राहावें अशी सामान्य रीत होती. दुसरा हात पाटलाचा. गांवांत चोरी झाली तर चोराचा माग लावणें, न लागल्यास गांवानें नुकसान भरून देणें, ही जबाबदारी पाटलावर व जागल्या-रामोशांवर असे. तिसरा हात कमाविसदाराचा अगर मामलेदाराचा. कोणी फिर्याद केली नाहीं तरी गुन्हा कानावर आल्यावर त्यानें सरकारच्या वतीनें इसमास आणवावें, तकरीर लिहून घ्यावी, जामीन घ्यावा आणि प्रकरण पुढें चालवावें.

पाटीलच गुन्हेगार असेल तर काय? याचें उत्तर शिवाजीमहाराजांच्या अगदीं आरंभींच्या काळांतील रांझ्याच्या पाटलाच्या प्रकरणांत मिळतें. इ. स. १६४६ च्या जानेवारींतील त्या पत्रावरून दिसतें कीं, रांझें गांवचा मोकदम बाबाजी गुजर यानें बदअमल केल्याची हकीकत हुजुरास कळली, चौकशींत ती खरी ठरली, त्याचे हातपाय तोडण्यांत आले आणि पाटीलकी अमानत झाली. पुढें ती त्याच्याच गोतांतील सोनजी गुजराकडे गेली. रांझें हें जुन्नरपासून दूर, खेड-शिवापुराकडील गांव आहे. तरी तें येथें सांगण्याचें कारण असें कीं, गांवांत ज्याच्या हातीं आरोप करण्याचा अधिकार आहे त्याजवर आरोप करण्याचा अधिकार हुजुरानें आपल्या हातीं राखून ठेविला होता, हें तत्त्व या पत्रांत स्पष्ट दिसतें. शिक्षेचा कठोरपणा आज अंगावर कांटा आणणारा आहे. परंतु पाटलाच्या वतनास राज्यानें ढाल होऊं दिलें नाहीं, हा त्यांतील राज्यकारभाराचा भाग आहे.

४. पेशवाईंतील कागदांकडे वळतांना प्रथम पैशाची बाजू ध्यानांत धरली पाहिजे. कारण फिर्यादीच्या अधिकाराचा खरा मोह तेथें होता. वादी-प्रतिवादीस आणावयास जासूद अगर प्यादा पाठविला म्हणजे त्याचा मसाला पक्षकारावर पडे. तगाद्यासाठीं मोहसल बसविला म्हणजे त्याचा रोजमुरा व पोटगी त्याच घरानें सोसावयाची. निवाडा झाल्यावर जिंकणारानें हरकी अगर शेरणी द्यावी, हरणारानें गुन्हेगारी द्यावी. म्हणजे प्रकरण कोणत्याहि बाजूनें लागो, सरकारजमा होतच असे. बदकर्म, मारामारी, खोटी साक्ष, जातीच्या नियमाचा भंग, जकातीची चोरी अशा नाना कारणांनीं ही गुन्हेगारी वसूल होई आणि महालाच्या ताळेबंदांत ऐन जमेखालीं न पडतां शिवाय जमेखालीं पडे.

यांत मूळ दोष आहे असें नाहीं. त्या काळीं पगारी पोलीस व पगारी न्यायाधीश यांचा विस्तार नव्हता. न्यायाचा खर्च न्याय मागणारानें व गुन्हा करणारानें सोसावा ही समजूत सर्वत्र होती. परंतु ज्या अधिकार्‍याच्या हिशेबांत गुन्हेगारीची बाब आहे, त्यास गुन्हे अधिक सांपडूं लागतात, हाहि मनुष्यस्वभाव आहे. उलट ज्या गुन्हेगाराजवळ द्रव्य आहे त्याचा गुन्हा लहान होऊं लागतो. मोह दुहेरी आहे: नसलेली फिर्याद उभी करण्याचा, आणि असलेली फिर्याद विकण्याचा. राज्याची देखरेख या दोहोंवर असावी लागते. केवळ जुलमाच्या तक्रारी ऐकून भागत नाहीं, कारण ज्याची फिर्याद विकली गेली तो गरीब हुजुरापर्यंत पोंचतोच असें नाहीं.

५. ही देखरेख पेशवाईच्या चांगल्या काळांत कशी ठेविली जात असे? तिचें पहिलें साधन दरकदार. मोठ्या मामल्यांत मामलेदाराबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस असे आठ दरकदार असत. त्यांची नेमणूक सरकारांतून होई, बहुधा ती वंशपरंपरेची असे, आणि मामलेदारास त्यांना दूर करतां येत नसे. पत्रांवर व हुकुमांवर दिवाणाची निशाणी व्हावी, हिशेब मुजुमदाराच्या नजरेखालून जावा, फडणिसानें तारीख घालून रोजकीर्द लिहावी, दफ्तरदारानें तीवरून खतावणी करून महिन्याचा गोषवारा हुजूर पाठवावा, अशी साखळी होती. या आठांपैकीं आपल्या विषयास सर्वांत जवळचा म्हणजे सभासद. किरकोळ कज्ज्यांची नोंद ठेवून त्यांची हकीकत मामलेदारास सांगणें हें त्याचें काम. म्हणजे कोणती फिर्याद आली व तिचें काय झालें, याची वही मामलेदाराच्या स्वतःच्या लेखणींत नसे.

या व्यवस्थेचें मर्म नीट पाहिलें पाहिजे. दरकदार हे मामलेदाराचे वरिष्ठ नव्हते. ते त्याचा हुकूम रद्द करूं शकत नव्हते. पण त्यांच्या लेखणीखेरीज त्याचा हुकूम कागदावर येत नसे, आणि कागदावर आलेलें पुढें हुजूर दफ्तरांत जात असे. अधिकार एकाचा आणि लेखणी दुसर्‍याची, ही ती युक्ति आहे.

दुसरें साधन देशमुख-देशपांड्यांचे हिशेब. परगण्याच्या वतनदारांकडील हिशेबाशीं मामलेदाराचा हिशेब रुजूं पाहिला जाई. वतनदार हे कांहीं साधुसंत नव्हेत; पण मामलेदार आज आहे उद्यां नाहीं, आणि आपण वतनावर पिढ्यान् पिढ्या आहों, ही जाणीव त्यांस असल्यामुळें मामलेदाराचें पाप आपल्या वहींत झांकून ठेवण्याचें त्यांना कारण नसे.

तिसरें साधन म्हणजे हुजूर अर्ज करण्याची मोकळीक. रयत पुण्यास जाऊन गार्‍हाणें घाली, आणि गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडून छापविलेल्या रोजनिशींत मामलेदारांस व कमाविसदारांस गेलेलीं अशीं पुष्कळ पत्रें आढळतात, कीं अमुक इसमाची गुन्हेगारी माफ करावी, अमुक घेतलेला ऐवज परत द्यावा, अमुक प्रकरणाची पुन्हा चौकशी करावी. जुन्नर पुण्यापासून दोन-तीन मजलांवर. नागपुराच्या अगर बागलाणाच्या रयतेपेक्षां जुन्नरच्या रयतेस हा मार्ग जवळचा होता, ही गोष्ट लहान नव्हे. देखरेखीची शक्ति बहुतेक वेळां रस्त्याच्या लांबीवर अवलंबून असते.

६. मात्र या देखरेखीची एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. ती न सांगतां मराठी राज्याचें कौतुक केल्यास तो इतिहास होणार नाहीं. मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें इ. स. १८१९ च्या आक्टोबरांत आपला प्रसिद्ध अहवाल लिहिला. त्यांत तो म्हणतो त्याचा आशय असा कीं, शिक्षा देण्याचा अधिकार हुद्द्यापेक्षां ज्याच्या त्याच्या वजनावर ठरे. एक पाटील फटके मारी, दंड घेई, खोड्यांत घाली, तर दुसरा कैद करावयासहि धजत नसे. आणि रामोशी, भिल्ल अगर मांग जातीचा दरोडेखोर असला तर बहुतेक मामलेदार हुजुरास न विचारतां त्यास फांशीं देत. एल्फिन्स्टन हा जेत्यांच्या बाजूचा, त्यामुळें त्याचा शब्द तोलूनच घेतला पाहिजे. पण हें त्याचें म्हणणें वतनव्यवस्थेशीं जुळतें. ज्याच्यामागें गोत आहे, वतन आहे, अर्ज लिहून देणारा कुलकर्णी आहे, त्याच्यासाठीं हुजूर उघडें होतें. ज्याच्यामागें यांपैकीं कांहीं नाहीं त्याच्या बाबतींत आरोप, चौकशी व शिक्षा हीं पुन्हा एकाच हातीं आलीं.

डांगांतील कोळ्यांच्या बाबतींत तर राज्यानें निराळाच मार्ग पत्करला. कॅप्टन मॅकिंटॉश यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत महादेव कोळ्यांचा जो वृत्तान्त लिहिला त्यांत जावजी बांबळे या नाइकाची हकीकत आहे. जुन्नर व अकोलें यांमधील डोंगरी मुलखांत त्यानें कित्येक वर्षें धुमाकूळ घातला. सरकारच्या माणसांस तो हाताला लागला नाहीं. शेवटीं होळकरांच्या मध्यस्थीनें तो रुजूं झाला, त्याचे गुन्हे माफ झाले, आणि नाना फडणिसांच्या कारकीर्दींत साठ गांवांचा बंदोबस्त त्याच्याकडेच देऊन कोळी लुटारूंस देहान्त शासन करण्यापर्यंतचा अधिकार त्यास मिळाला. धोरण म्हणून हें शहाणपणाचें होतें यांत शंका नाहीं. डोंगर शांत झाला. परंतु ज्यावर कालपर्यंत फिर्याद होती त्याच्याच हातीं आज फिर्यादीचा सर्व अधिकार दिला, आणि त्याच्या शेजारीं ना सभासद ना फडणीस. पठारावर दुसरी लेखणी होती, डांगांत ती नव्हती. एकाच राज्यांत, एकाच प्रांतांत, कांहीं कोसांच्या अंतरानें दोन निरनिराळ्या व्यवस्था होत्या, हें जुन्नर-आंबेगांवचा इतिहास लिहिणारानें विसरूं नये.

७. दुसरी लेखणी नुसती असून भागत नाहीं. तिचें लिहिलेलें वाचणारा वरती पाहिजे. याचें सर्वांत भयंकर उदाहरण खुद्द पुण्यांत घडलें. घाशीराम हा इ. स. १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. शहरांत रात्रीं कोणास अडवावें, कोणास कोठडींत घालावें, कोणाकडून दंड घ्यावा, हें सर्व त्याच्या हातीं. आणि कोतवाली हेंहि जमेचेंच खातें. इ. स. १७९१ च्या आगस्ट महिन्यांत दक्षिणेकडून आलेल्या तैलंगी ब्राह्मणांस त्याच्या लोकांनीं चोरीच्या संशयावरून एका लहानशा जागेंत कोंडलें, व त्यांत विसांहून अधिक माणसें गुदमरून मेलीं. लोकांचा जमाव नाना फडणिसांच्या दाराशीं आला, तेव्हां कोठें चक्रें फिरलीं, ता. ३१ आगस्ट रोजीं घाशीराम दगडांच्या वर्षावाखालीं मारला गेला.

कित्येकांस यांत न्याय झाला असें वाटतें. प्रस्तुत लेखकाच्या मतें यांत देखरेखीचा पराभव झाला. चौदा वर्षें ज्याच्या अधिकारास कोणी हद्द घातली नाहीं त्यास चौदाव्या वर्षीं जमावाच्या हवालीं करणें, ही देखरेख नव्हे. हिशेब येत होते, जमा पुरी होत होती, शहर शांत दिसत होतें. त्यामुळें वरच्यांनीं आंत डोकावून पाहिलें नाहीं. नानासारख्या सावध मुत्सद्द्याकडूनहि हें व्हावें, यावरून हा दोष एका माणसाचा नसून जमेवरून कारभार तोलण्याच्या पद्धतीचा आहे असें ठरतें.

दुसर्‍या बाजीरावाच्या कारकीर्दींत तर तीहि पद्धति मोडली. मामलती इजार्‍यानें, जो अधिक रक्कम देईल त्यास, दिल्या जाऊं लागल्या. इजारदार मुदतीचा धनी. मुदत संपण्याच्या आंत भरलेला ऐवज व वर नफा काढावयाचा. अशाच्या हातीं गुन्हेगारी ही शिवाय जमा न राहतां भांडवल झाली. दरकदारांचें वजन गेलें, आणि हुजूर अर्ज करणाराची दाद लागेना, कारण हुजुरानेंच मामलत विकली होती. एल्फिन्स्टननें या काळचें जें चित्र काढलें आहे तें त्यानें आधींच्या काळाशीं स्वतः ताडून पाहिलें आहे. नानाच्या वेळची व बाजीरावाच्या वेळची स्थिति तो एक मानीत नाहीं. राज्याच्या शेवटास अनेक कारणें झालीं. पण रयतेच्या मनांतून राज्य उतरलें तें या कारणानें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

८. इंग्रजी अमलांत मामलेदाराचे फौजदारी अधिकार आंखडले आणि इ. स. १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंग्रहानें न्यायालयांच्या पायर्‍या बांधल्या गेल्या. निवाडा करणारा हात मोकळा झाला. परंतु फिर्याद चालविणारा हात बराच काळ पोलिसांचाच राहिला. त्याच वेळीं दिवाणी दावा आणण्याचें साधन ज्याच्याजवळ पैसा त्याच्या हातीं गेलें. आंबेगांवांतील जांभोरीच्या होन्या केंगल्यानें इ. स. १८७३ पासून सावकारांस लुटण्याचा व त्यांचीं नाकें कापण्याचा जो सपाटा लाविला, व ज्यामुळें इ. स. १८७६ त तो पकडला जाईपर्यंत पश्चिमेचा डोंगर अस्वस्थ राहिला, त्याच्या मुळाशीं ही गोष्ट होती. डोंगरांतल्या माणसास न्यायालयांतून नेहमीं आपल्यावरच कागद येतांना दिसत होता.

इ. स. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत ४९२ ते ४९५ या कलमांनीं सरकारी फिर्याद चालविणाराची व्यवस्था सांगितली आहे. त्यांतील ४९४ वें कलम आपल्या विषयाचा गाभा आहे: सरकारी वकिलास फिर्याद मागें घेतां येईल, पण न्यायालयाच्या संमतीनें. असलेली फिर्याद विकण्याचा जो जुना मोह वर सांगितला, त्यावर हें कुलूप आहे, आणि त्याची किल्ली दुसर्‍याच्या हातीं आहे. हेंच कलम इ. स. १९७३ च्या कायद्यांत ३२१ व इ. स. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत ३६० या क्रमांकानें आलें. सर्वोच्च न्यायालयानें इ. स. १९५७ त बिहारच्या रामनरेश पांडे यांच्या प्रकरणांत या संमतीचा अर्थ सांगितला. फिर्याद मागें घेण्याचा विचार सरकारी वकिलानें करावयाचा, न्यायालयानें तो विचार गैर हेतूनें झालेला नाहीं एवढें पाहावयाचें, असा त्याचा आशय आहे. २०२३ च्या संहितेनें आणखी एक भर घातली आहे. ज्याचें नुकसान झालें त्यास आपलें म्हणणें मांडण्याची संधि दिल्याखेरीज न्यायालयानें फिर्याद मागें घेऊं देऊं नये. मराठेशाहींत जो फिर्यादी प्रथम उभा राहत असे, तो पुन्हा एकदां प्रकरणांत परत आला, असें याबद्दल म्हणतां येईल.

पोलिसांपासून फिर्यादीचा हात मोकळा करण्याचें काम मात्र महाराष्ट्रांत उशिरां झालें, आणि तेंहि न्यायालयाच्या सांगण्यावरून. इ. स. १९७३ च्या कायद्यानें सहायक सरकारी अभियोक्ते सांगितले. पण ते पोलीस खात्याच्याच हुकुमतींत राहिले. इ. स. १९९५ त शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा केली कीं, या अभियोक्त्यांचें खातें पोलिसांपासून वेगळें करावें व त्याचा मुख्य परभारें राज्यसरकारास जबाबदार असावा. पुढें इ. स. २००५ च्या दुरुस्तीनें अभियोग संचालनालयाची कल्पना कायद्यांत आली, आणि २०२३ च्या संहितेनें ती जिल्ह्यापर्यंत नेली. घोडेगांवच्या अगर जुन्नरच्या न्यायालयांत उभा राहणारा सरकारी अभियोक्ता तपास करणार्‍या पोलिसाचा हाताखालचा माणूस नसावा, या साध्या गोष्टीस एवढीं वर्षें लागलीं.

या नव्या व्यवस्थेंतहि जुनाच प्रश्न उभा आहे. संचालनालय हें राज्यसरकारचें. तेव्हां खालच्या अभियोक्त्यावर नजर ठेवणारें सरकार स्वतःच एखादी फिर्याद मिटवूं पाहत असेल तर काय? बाजीरावाच्या वेळीं हुजूरच विकाऊ झालें तेव्हां दरकदारांची वही निरुपयोगी झाली होती. म्हणून न्यायालयाची संमति ही औपचारिक सही होऊन चालणार नाहीं. इ. स. १७७३ त नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर प्रत्यक्ष राघोबादादांवर दोष ठेवणारे रामशास्त्री पदावर राहिले नाहींत, पुण्याबाहेर निघून गेले. कारण राज्याच्या धन्यावर फिर्याद चालविणारा हात त्या वेळीं अस्तित्वांत नव्हता. निवाडा झाला, फिर्याद झाली नाहीं. देखरेखीची शेवटची कसोटी हीच आहे.

९. आतां संग्राहकांस विनंति. जुन्या घराण्यांचीं दफ्तरें पाहतांना निवाडपत्रें, महजर, सनदा हीं आपण जपून वेगळीं काढतों, आणि ताळेबंद, झाडे, रोजकीर्दी, मसाल्याच्या व मोहसलाच्या याद्या रुमालांत तशाच राहूं देतों. कित्येकदां त्या वाळवीच्या स्वाधीन होतात. पण वर जें कांहीं लिहिलें त्यावरून दिसेल कीं, निवाडपत्र शेवट सांगतें. फिर्याद कशी उभी राहिली व कोठें विरून गेली हें सांगणारा कागद हिशेबांतच सांपडतो. एका महालाच्या गुन्हेगारीच्या नोंदी ओळीनें दहा वर्षांच्या मांडल्या, त्यांतील गांव, इसम, बाब व रक्कम हीं वेगळीं काढलीं, आणि मामलेदार बदलला त्या वर्षीं त्यांत काय फरक पडला हें पाहिलें, तर शंभर सनदांनीं न कळणारी गोष्ट कळेल.

पुण्याच्या पेशवे दफ्तरांतून सरदेसाई यांनीं पंचेचाळीस भाग निवडून छापले; तरी जुन्नर, ओतूर, नारायणगांव, घोडेगांव, मंचर येथील देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरच्या प्रति या दुसर्‍या लेखणीच्या आहेत, व हुजूर दफ्तराशीं त्या ताडून पाहण्यांतच त्यांचें मोल आहे. मामलेदारानें हुजूर दाखविलेली गुन्हेगारी आणि देशपांड्याच्या वहींत पडलेली गुन्हेगारी यांतील वजाबाकी ही त्या काळच्या रयतेनें सोसलेली खरी रक्कम होय. ज्यांच्याजवळ असे कागद असतील त्यांनीं ते क्षुल्लक समजूं नयेत. दरकदारांनीं जी वही हुजुरानें वाचावी म्हणून लिहिली, ती हुजुरानें वाचली नाहीं तेथें आतां आपण वाचली पाहिजे.